सुट्टीभराची चूल

४ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

नव्या घरात सामान लागलं, तेव्हा पहिलं पत्र तुलाच लिहिते आहे. घर लहान आहे, गल्लीच्या टोकाला, मागे हातभर अंगण. आधीच्या माणसांनी भिंतींना असला चकचकीत रंग दिला होता, की आत शिरलं की दाताच्या दवाखान्यात आल्यासारखं वाटायचं. तो सगळा खरवडून काढला आणि चुना मारून घेतला. आता मनाशी पक्कं केलंय, हे घर शेतावरच्या घरासारखं सजवायचं. शाळेत मुलांना चित्रकला शिकवते, ती काय फक्त पगारापुरती?

बैठकीत जाड फळ्यांचं टेबल आलं. खिडक्यांना चौकड्यांचे सुती पडदे, फळांच्या खोक्यांची पुस्तकांसाठी फडताळं, आणि न्हाणीघरात भिंतीला टेकवलेली लाकडी शिडी, तिच्या पायऱ्यांवर टॉवेल. आमचे औषधवाले दुकानातून आले की रोज विचारतात, आज घरात काय नवीन जुनं झालं? त्यांना हसू दे. तू मात्र मला दुधाचा जुना कॅन, एखादी चाळण आणि माळ्यावरचा कंदील पाठव. कॅनमध्ये मला वाळलेलं गवत लावून ठेवायचंय.

आता मुद्द्याचं. दादाच्या पत्रातून कळलं, की तुला स्वयंपाकघर पाडून तिथे ओटा आणि मोठी खिडकी करून हवी आहे. वहिनी, तेवढं करू नकोस गं. ती काळी तुळई, ती दगडी फरशी, कोपऱ्यातली चूल, यांच्यासाठी तर मी सुट्टीची वाट बघत असते. आई जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या खोलीच्या दारात उभं राहिलं की ती चुलीपाशी पाठमोरी बसलेली दिसते. मी दादाला तसं कळवलं. तो म्हणाला, तुझ्या मनाविरुद्ध तिथली एक वीटही हलणार नाही. रागावू नकोस.

लोभ आहे तसाच ठेव, आणि स्वयंपाकघरही आहे तसंच ठेव.

तुझी,
धाकटी नणंद

१३ मार्च

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. कंदील आणि चाळण गड्याच्या हाती पाठवते. दुधाचा कॅन देता येत नाही, कारण आमच्याकडे त्यात अजून दूध असतं. गवत हवं तेवढं घ्या, गाईंना विचारून ठेवते. शिडी न्हाणीघरात उभी केल्याचं तुमच्या दादांना वाचून दाखवलं, तर ते माळ्यावरून पडता पडता वाचले. आमची शिडी तेव्हा त्यांच्या पायाखाली होती.

आता माझ्या मुद्द्याचं. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो काढला आणि बजावलं, की पुढचा हिवाळा धुरात काढायचा नाही. मी तुमच्या दादांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, धाकटीला विचारतो. म्हणजे छाती माझी, खोकला माझा आणि परवानगी तुमची! ते म्हणाले, गॅसची शेगडी पडवीत ठेव. पडवीत वारा इतका, की शेगडी पेटवण्यातच जेवायची वेळ टळते. घर तुम्हा दोघा भावंडांचं आहे, ते मला मान्य आहे, म्हणून चोरून काही करणार नाही. पण हे मी सोडणारही नाही.

तुम्हाला शेतघर हवंच आहे ना? मग अर्धवट कशाला? मागची खोली हुबेहूब आमच्या स्वयंपाकघरासारखी करून घ्या. चूल जमिनीवर, कोपऱ्यात. बसायला पाट. फरशी खडबडीत, घासून गुळगुळीत केलेली चालणार नाही. तुळई औषधवाल्यांच्या कपाळाएवढ्या उंचीवर. खिडकी एकच, पुस्तकाएवढी आणि तुमच्या डोक्यावर वीतभर. धुराडं आखूड, वारा फिरला की धूर आत आला पाहिजे. नळ खोलीत नको, पाणी अंगणातून भरून आणायचं. आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली की शाळा उघडेपर्यंत दोन्ही वेळचा स्वयंपाक तिथेच करायचा, तुम्ही स्वतः. सुट्टी संपल्यावरही तुम्ही म्हणालात की या खोलीला हात लावू नका, तर मी हा विषय जन्मात काढणार नाही. शब्द देते.

औषधवाल्यांना नमस्कार सांगा. तुमच्यावर जीव आहेच, तो पैजेमुळे कमी व्हायचा नाही.

तुमची,
वहिनी

२१ एप्रिल

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पैज मंजूर! तुला वाटलं असेल, शहरातली बाई, दोन दिवसांत शेपूट घालेल. तू सांगितलंस त्यात एका बोटाचाही फरक केलेला नाही. गवंडी धुराडं उंच करू का म्हणून विचारत होता, त्याला साफ नाही म्हटलं. तुळई जुन्या लाकडाच्या वखारीतून आणली, काळी करायला तिला तेल आणि काजळी चोळली. त्यात माझे दोन झगे गेले. पण खोली अशी झाली आहे, की बघत राहावं. शाळेतल्या सगळ्या बाई बघायला आल्या होत्या. मुख्याध्यापिका तर पाटावर बसून फोटो काढून गेल्या. बसल्या मोठ्या ऐटीत, उठवायला मात्र दोघी लागल्या.

कालपासून सुट्टी लागली आणि पहिला स्वयंपाक केला. बटाटे खालून करपले आणि वरून कच्चे राहिले, पण सगळ्या घराला काय सुंदर वास येत होता! औषधवाले गुपचूप जेवले आणि नंतर दुकानात जाऊन त्यांनी बिस्किटं खाल्ली, असं त्यांच्या खिशातल्या चुऱ्यावरून समजलं. सरावाने जमेल. आईला जमायचं, तुला जमतं, मला न जमायला काय झालं?

दादाला सांग, वीट हलवू नकोस. तुझ्या मायेवर माझा हक्क आहे, तो पैज जिंकल्यावरही चालू राहावा.

तुझी,
धाकटी

९ मे

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तू काही कळवलं नाहीस, म्हणजे वाट बघत बसली असशील, ही कधी हरते म्हणून. मी हरणारी नाही. इकडे सगळं छान चाललंय.

डोळे थोडे चुरचुरतात, पण ते कांद्यामुळे असेल. काल कांदा घातला नव्हता, तरी असेल. पाटावरून उठताना औषधवाल्यांचा हात धरते. म्हटलं, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हात धरायला निमित्त तरी मिळालं. ते स्वतः तुळईला डोकं आपटून घेऊन इतक्यांदा पट्टी लावून बसले आहेत, की गिऱ्हाईक त्यांनाच औषध सांगायला लागलंय. पाण्याच्या बादल्या जड होतात, पण हातांना व्यायाम होतो. शेजारीण परवा दारात उभी राहून हाका मारून गेली. मला दिसलीही नाही आणि ऐकूही आली नाही. आत बसलं की बाहेर दिवस आहे की संध्याकाळ, काही उमगत नाही. चित्र काढायला सकाळचा वेळ काढणार होते, तो चुलीतच जातो. सकाळचं आवरून होतं तोवर संध्याकाळचं लाकूड फोडायची वेळ होते.

घसा जरा धरलाय. औषधवाल्यांनी एक बाटली आणून दिली, ती संपली, दुसरी चालू आहे. विशेष काही नाही. तू तुझ्या तब्येतीला जप.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

१६ मे

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि हातातलं काम तसंच ठेवून लिहायला बसले. घसा धरलाय म्हणजे नक्की काय? खोकला कोरडा की ओला? निजल्यावर वाढतो का? खोकून झाल्यावर बरगड्या दुखतात का? हे सगळं मला कळतं, त्यामुळे माझ्यापाशी कांद्याच्या गोष्टी सांगू नका.

पैज मी मागे घेते. चूल विझवा आणि गॅसवर स्वयंपाक करा. तुम्हाला अद्दल घडवायची होती, हे मी लपवत नाही. मापं सांगताना मला मनातून हसू येत होतं. पण अद्दल घडवायची होती, आजारी पाडायचं नव्हतं. सासूबाईंचा खोकला मी शेवटची दोन वर्षं भिंतीपलीकडून ऐकलाय. तुमच्या घरात तो शिरायला नको.

माझं मी बघून घेईन. हिवाळ्याच्या आत ओटा होणार म्हणजे होणार. तुमच्या दादांशी भांडावं लागलं तर भांडेन, अबोला धरावा लागला तर धरेन. तो मला फारसा जमत नाही, पण प्रयत्न करेन. तुमच्याशी मात्र भांडण नाही. उलट टपाली दोन ओळी पाठवा, की चूल विझली.

जीव लावलाय, तो टांगणीला लावू नका.

तुमची,
वहिनी

२८ मे

तीर्थरूप दादास,
कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र आधी तू वाच, मग वहिनीच्या हातात दे. वहिनीने पैज मागे घेतली, तरी मी चूल विझवली नाही. माझा हट्ट तुला माहीत आहे. म्हटलं, सुट्टीभर म्हणजे सुट्टीभर.

परवा दुपारी फुंकणीने जाळ करत होते, वारा फिरला आणि सगळा धूर तोंडावर आला. अशी उबळ आली, की पाटावरच पुढे वाकले. एक हात जमिनीला टेकला, दुसऱ्याने पदर तोंडाशी धरला आणि पाठ दाराकडे केली, कारण दारातून औषधवाले आत येत होते आणि मला बोलता येत नव्हतं. दादा, आणि मग मला कळलं, आई अशीच बसायची. मला ती आठवते ती अशीच, पाठमोरी, वाकलेली. मला वाटायचं, ती मन लावून काहीतरी रांधते आहे. ती खोकत होती रे. आपण आत आलो की ती वळून बघायची नाही, ते उबळ सरेपर्यंत आपल्याला तिचं तोंड दिसू नये म्हणून.

मला तिने चुलीपाशी कधी बसू दिलं नाही. मी गेले की हाकलायची, जा, अभ्यास कर म्हणायची. मला वाटायचं, ते तिचं राज्य आहे आणि ते ती कुणाला देत नाही. पण वहिनी लग्न होऊन आली आणि आठवडाभरात आईने तोच पाट तिच्याकडे सरकवला. मला हाकललं आणि तिला बसवलं. मी शिकले, नोकरीला लागले आणि ज्याला त्याला सांगत सुटले, की आमच्या आईला चूल फार आवडायची. आईला कुणी विचारलं होतं? तू विचारलंस? मी तर नाही विचारलं. तिला वाचवायला आता उशीर झाला आहे, याचं मला फार वाईट वाटतं. वहिनीच्या बाबतीत उशीर व्हायला नको.

तेव्हा ही परवानगी समजू नकोस, हुकूम समज. स्वयंपाकघराची भिंत पाडायची. ओटा वहिनीच्या उंचीचा करायचा, तुझ्या नाही. नळ आत घ्यायचा, खिडकी तिला हवी तिथे आणि हवी तेवढी. तुळई तेवढी ठेव असं म्हणणार होते, पण तेही वहिनीला विचार. शाळा उघडायच्या आत मी येते, पहिली पहार मला मारायची आहे. इथली चूल आज गवंडी फोडून नेतो आहे. फळ्यांचं टेबल, पडदे आणि शिडी मात्र राहणार. ती मला आवडतात आणि त्यांनी कुणाला खोकला होत नाही.

एरवी तुझी आज्ञा पाळते, या खेपेस तू माझी पाळ.

तुझी,
धाकटी

३० जून

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

पोचल्याचं कळलं, खोकला बराच कमी आहे हे वाचून हायसं वाटलं. चालू असलेली बाटली पुरी करा. तुम्ही पहिली पहार मारलीत, टाळ्या घेतल्यात आणि शाळा उघडते म्हणून निघून गेलात. पाडणाऱ्या तुम्ही आणि निस्तरणारी मी. ढिगारा उपसताना रोज तुमचं नाव घेत होते, कशा आवाजात ते सांगत नाही.

तुमच्या पत्राचं तुम्ही विचारलंत. तुमच्या दादांनी ते गोठ्यात जाऊन वाचलं. बराच वेळ आत आले नाहीत. आले ते सरळ गवंड्याकडे जातो म्हणून निघाले.  ओट्याची उंची ठरवताना मला चार वेळा उभं करून माप घेतलं.

परवा काम पुरं झालं. काल सकाळी मी दूध तापवायला उठले, तर तुमचे दादा ओट्यापाशी उभे. म्हणाले, बस तू, चहा मी करतो. इतक्या वर्षांत ते चुलीपाशी बसलेले मी पाहिले नव्हते, आणि उभ्याने करायचा म्हटल्यावर त्यांना तो जमेलसा वाटला असावा. साखर कुठे, पत्ती कुठे, गाळणं कुठे, सगळं विचारून झालं. दूध उतू गेलं, नवा ओटा पहिल्याच दिवशी माखला. मी खुर्चीवर बसून होते. स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून नुसतं बघायचं असतं, ते कसं करायचं हे मला माहीत नव्हतं. हात कुठे ठेवावेत तेही कळेना.

त्यांनी कप समोर ठेवला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते घाबरले, काय झालं म्हणून विचारायला लागले. आजवर कुणी असं विचारलं, की मी म्हणायचे, काही नाही, धूर आहे. तेच तोंडात आलं होतं. पण धूर कुठे होता? म्हणून मग, वन्सं, मला खरं सांगावं लागलं. ते बराच वेळ ऐकत बसले. चहा दोघांचाही गार झाला.

आता तुमची सुट्टी केव्हा, ते कळवा. औषधवाल्यांनाही आणा. लोभ तर आहेच, तो घेऊन या.

तुमची,
वहिनी