एलिव्हेशनला वर केलेला हात

३ फेब्रुवारी
फार उशिरा लिहितोय, चुकलंच. राधाच्या पायाचं ऑपरेशन झाल्यापासून पेन हातात धरलं नव्हतं. पण काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी बायकोसाठी हात वर केला!

सदाशिव पेठेतली आमची बिल्डिंग पाडली, नवी होतेय. तोवर आम्ही कात्रजला भाड्याने. आर्किटेक्ट पूर्वाबाई बरंच इंग्रजीत बोलल्या. बिल्डर दोनातलं एकच काहीतरी देणार, एवढं कळलं. मग चेअरमन दीनानाथरावांनी विचारलं, एलिव्हेशन कोणाला हवं? मी लगेच हात वर. पिठाच्या गिरणीत होतो तेव्हा धान्य वर नेणाऱ्या यंत्राला एलिव्हेटर म्हणायचे. म्हणजे लिफ्टच! राधाचा डावा पाय गुडघ्यात वाकत नाही, व्हीलचेअरवर तो लांबच ठेवावा लागतो. नव्या बिल्डिंगमध्ये आपलं घर तिसऱ्या मजल्यावर. मोठी लिफ्ट हवीच.

एका मताच्या फरकाने पास झालं. माझ्याच.

५ फेब्रुवारी
ग्रुपवर नव्या बिल्डिंगचं चित्र आलं. पुढे सगळी काच, सोनेरी पट्ट्या. लिफ्ट मात्र छोटीच. दीनानाथरावांना फोन केला.

"सीतारामराव, एलिव्हेशन म्हणजे बिल्डिंगचा मुखडा. मोठ्या लिफ्टला आपणच तर नको म्हणालात."

राधाची खुर्ची त्यात मावणार नाही म्हटलं. म्हणाले, लिफ्टमध्ये उभं राहून कोणी बिल्डिंग बघत नाही.

माझ्या हाताने मी तिला वर कोंडलं.

६ फेब्रुवारी
राधाला सांगितलं नाही. जेवण गेलं नाही.

८ फेब्रुवारी
पूर्वाबाईंच्या ऑफिसात गेलो. त्या म्हणाल्या, "आजोबा, काच नंतरही लावता येते. लिफ्टची जागा एकदा बांधली की बांधली." मला समजलं नव्हतं असं सगळ्यांसमोर सांगितलं, तर पुन्हा मत घेता येईल म्हणे.

सगळ्यांसमोर! तिथे प्रोफेसर, बँकेतले साहेब. मी सातवी. विचार करतो म्हणून आलो. विचार कसला करायचाय? पाय उचलत नाही, एवढंच.

९ फेब्रुवारी
राधाला कळलं. दीनानाथरावांच्या बायकोने फोनवर सांगितलं. राधा एवढंच म्हणाली, "काचा आवडल्या होय तुम्हाला?"

शब्द कळला नव्हता असं सांगायचं होतं. पण लग्नापासून तिला वाटतं, मला इंग्रजी येतं. बँकेचं पत्र आलं की चष्मा लावून मान हलवतो ना मी. तेव्हाही चष्माच पुसत बसलो.

मग म्हणाली, "असू दे. मी खाली एकदाच जाणार. तेव्हा जिन्यानेच नेतात."

११ फेब्रुवारी
शर्मिला येऊन आईला वाघोलीला घेऊन गेली. लेकीचं घर तळमजल्यावर आहे. राधा निघताना माझ्या गोळ्यांचं सुद्धा बोलली नाही. मी खुर्ची गाडीत ठेवली आणि उभा राहिलो.

घरात कुकरची शिट्टी नाही. भीती वाटते.

१५ फेब्रुवारी
मीटिंगमध्ये उभा राहिलो. म्हणालो, मला एलिव्हेशन म्हणजे लिफ्ट वाटली. हसले. दीनानाथराव म्हणाले, बरं झालं, पार्किंग म्हणजे बाग नाही वाटली. मी बसलो नाही. माझी बायको घरी यायला हवी, एवढंच बोललो. मग पूर्वाबाईंनी पुन्हा हात वर करायला सांगितले.

१६ फेब्रुवारी
कालच्या मतदानात मोठी लिफ्ट पास झाली. शर्मिलाला फोन केला. म्हणते, आई फोनवर यायला तयार नाही. राधाचा निरोप एवढाच, मला आता तिथे चढायचंच नाही.

राधा, मला तो शब्द येत नव्हता गं. काचा नको होत्या. येतेस का नाही, लवकर कळव.