स्क्रीनवर राहिलेली लंकाबाई

५ मे २००८, सोमवार

लॅपटॉप सुतकात गेला!

घरात येऊन त्याला धड पंधरवडा झाला नव्हता. झाकणावरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा मी अजून जिवावर येतं म्हणून काढला नव्हता. आता 'ठसका' या माझ्या विनोदी सदराचा लेख पुन्हा हाताने खरडायचा. साप्ताहिकाच्या संपादकांनी आमचं अक्षर बघून मागे एकदा विचारलं होतं, "हे कोंबडीनं तपासून दिलंय का?" तर मराठी विनोदावर कोसळलेलं हे संकट कुठेतरी नोंदलं जावं. म्हणून ही वही.

झालं असं — शेजारच्या गोरखची आई लंकाबाई शुक्रवारी गेली. दिव्याजवळ ठेवायला फोटो पाहिजे. आणायचा कुठून? कॅमेरा दिसला की बाईनं जन्मभर तोंडावर पदर ओढला. ओळखपत्रावर आहे तो नुसता काळा डाग. तो लंकाबाईचा की तिच्या म्हशीचा, हे म्हशीलाच विचारावं लागेल. शेवटी गोरखच्या मोबाइलात एक निघाला. कांदे साठवायच्या आरणीपुढं बसलीय, हसतेय, आणि पडलेले दात दिसू नयेत म्हणून तोंडापुढं हात. मंचरचा फोटोवाला लग्नांत अडकलेला. "धाव्या दिसाच्या आत न्हाई जमत," म्हणाला.

तेव्हा मी — कोणी म्हणालं नसताना! — म्हणालो, "माझ्या लॅपटॉपवर लावू. मोठा दिसेल."

दुःखात मदत वगैरे काही नाही. नवी वस्तू दाखवायची खाज.

६ मे

सकाळी सकाळी बोलावणं. पाच-दहा मिनिटं कोणी हात लावला नाही की त्या स्क्रीनवर रंगीत मासे पोहायला लागतात. कंपनीने घातलेत. लंकाबाईची जाऊ धोंडाबाई — सध्या त्या घरातला कायदा म्हणजे ही — समोर बसली होती. तिने जी किंकाळी फोडली! "अगं बया, माशांनी खाल्ली की गं जाऊबाईला!"

मी जाऊन मासे बंद केले. स्क्रीन आपोआप झोपते, तेही बंद केलं. धोंडाबाईनं निकाल दिला, "धा दिस दिवा इझू देत न्हाईत. तसा ह्यो फोटू बी इझू द्याचा न्हाई. रातचा सुदीक."

"लाइट गेली तर?"

"त्ये तुमी बगा. काम्पुटर तुमचा."

सलूनवाल्या सोपाननं दुकानातला इन्व्हर्टर आणून दिला. भारनियमनात गाव दाढीविना, लंकाबाई उजेडात.

९ मे

लंकाबाईची लेक मंगल डिंभ्याच्या पलीकडं दिलीय. आई गेली आणि दुसऱ्याच दिवशी ही बाळंत झाली. मुलगा. आता सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. आज फोनवर भावाशी बोलत होती. गोरख मोबाइल कानापासून लांब धरतो, त्यामुळे अर्ध्या आळीला ऐकू येतं. "दादा, मला तिचं तोंड बी दिसलं न्हाई रं. त्यो फोटू तेवडा फ्रेम करून ठेव. आले की पयला त्यो बघंन."

गोरखनं फोन ठेवला. नाक पुसलं. मग मला म्हणाला, "भाऊ, ह्यो मोबाइल भरलाय, सारका अडकतोय. हितला फोटू काढला तर चालंल का?"

"काढ बिनघोर," मी म्हणालो. "माझ्याकडं आहे ना."

११ मे, रविवार

दशक्रिया. श्रद्धांजलीची पाच भाषणं. एका पुढाऱ्याने लंकाबाईंचं सहकार क्षेत्रातलं योगदान सांगितलं. ती सोसायटीची पायरी कधी चढली नव्हती. गर्दीत मागे बसून मी पुढच्या लेखासाठी वाक्यं टिपत होतो. कोणी पाहिलं नाही.

१३ मे

लॅपटॉप परत आला. स्क्रीनच्या बरोबर मधोमध अष्टगंधाचं बोट! ओल्या फडक्याने पुसलं. सुरू केला, लेख लिहायला बसलो — आणि पांढऱ्या पानामागे लंकाबाई.

भास म्हणून चष्मा पुसला. नाही. पदराची कड, कपाळ, तोंडापुढचा हात. पाण्याखाली धरलेल्या कागदासारखं, पण आहे. पान करड्या रंगाचं केलं तर आणखी स्पष्ट. मी विनोद लिहितोय आणि मागे बसून ती तोंडावर हात ठेवून हसतेय. इतका प्रामाणिक वाचक मला आजवर मिळाला नव्हता.

बायकोला दाखवलं. "इतके दिवस बसवून ठेवलंत तिला," ती म्हणाली, "लगेच कशी उठेल?"

१५ मे

आज डोकं चालवलं. फोटो आत आहे म्हणून तो बाहेर दिसतो. मूळच उपटलं की झालं. फोटो काढून टाकला. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, उगाच अर्धवट काम नको.

बायको मागे उभी. "गोरखला विचारलंत का?"

"त्याच्याकडं आहे की मोबाइलात."

बंद केला, चालू केला. लंकाबाई जागच्या जागी.

मग मंचरच्या दुकानदाराला फोन. तो पोट धरून हसला. "काका, फोटो आत नाय, पडद्यात बसलाय! एकच चित्र दिवसरात्र ठेवलं की ठसा राहतो. ते मासे त्याच्यासाठीच असतात. नुसता पांढरा पडदा लावून सोडा, जाईल हळूहळू."

म्हणजे मासे तिला खायला आले नव्हते. राखायला आले होते माझा पडदा. पांढरं पान लावून ठेवलंय.

१८ मे, रविवार

गोरख आला. डोक्याचा गोटा उन्हाने काळवंडलेला. "भाऊ, त्यो फोटू द्या. मंचरला चाललोय, फ्रेम करून आनतो."

"तुझ्या मोबाइलातला दे की."

"त्यो काढला न्हाई का मी? तवाच."

तवाच. माझ्याच तोंडाने. काढ बिनघोर!

आणि मी — पंचवीस वर्षं गावातल्या प्रत्येकाच्या खोटेपणावर लिहिणारा मी — म्हणालो, "अरे, व्हायरस आला रे. सगळं खाल्लं त्याने."

गोरखनं लॅपटॉपकडं बघितलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं, तिथे बायको उभी होती. बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला. "असू द्या," म्हणाला. "माझ्या बी हातनं गेलाच की. मंगलला तसंच सांगतो. माझ्या हातनं गेला."

"अरे, तसं कशाला..." असं मी म्हणालो. पण मोठ्याने नाही.

१९ मे

मंचर. पुसलेलं परत येतं का, विचारायला. दुकानदाराने तासभर खटपट केली. "टोपली रिकामी केल्यावर तुम्ही याच्यावर पिक्चर कॉपी केले का?" केले होते. दोन. "मग त्याच्यावर बसले ते. नाय येत आता."

येताना जीपमध्ये बाजूच्या बाईच्या मांडीवर कोंबडा होता. तो सबंध रस्ता माझ्याकडं बघत होता. त्यालाही कळलं असावं.

२३ मे, शुक्रवार

लेख छापून आला. मंगळवारी विषय सुचत नव्हता. सुचत नव्हता असं कसं म्हणू, दुसरं काही डोक्यातच नव्हतं. मथळा — 'मोबाइल भरला, आई काढली!' नाव कोणाचंच नाही. नाव लागतं कशाला? आमच्या लोणी गावात एकच माणूस असा आहे.

माझ्या खत-बियाण्याच्या दुकानात दिवसभर गर्दी. खताला कोणी नाही, टाळ्या द्यायला. नेहमीचं गिऱ्हाईक रखमाजी तर युरियाच्या गोणीवर बसून मोठ्याने वाचत होता. "राव, लई हाणलाय! 'गाणी ठेवली, जन्मदाती उडवली!' अर्रर्र!"

गोरखच्या मोबाइलात गाणी होती की नव्हती, मला ठाऊक नाही. वाक्य जमलं म्हणून लिहिलं.

संध्याकाळी तो स्वतः आला. पेपर विकत घेतलेला. "भारी लिवलंय भाऊ," म्हणाला. घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवली. दोन किलो बियाणं घेतलं, गेला. उपरोध करतोय का, म्हणून मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. नव्हता. तो मला येतो, त्याला येत नाही.

बायकोने माझं ताट वाढलं आणि स्वतःचं घेऊन चुलीपाशी जाऊन बसली. आमच्या घरात याला दुर्घटना समजतात.

२५ मे

धोंडाबाई दारातूनच बोलली, आत आली नाही. मंगलच्या नवऱ्याने घोडेगावच्या स्टँडवर पेपर घेतला, घरी वाचून दाखवला. मंगलनं भावाला फोन केला. "आई अडगळ झाली व्हती व्हय तुला? गाण्यांना जागा पायजे व्हती? बारशाला येऊ नको. माझ्या पोराला मामा न्हाई."

सुतकामुळं बारसं पुढं ढकललेलं, आठ जूनला. मामानं कुंची आणायची. गोरखच्या बायकोनं ती शिवूनही ठेवलीय, लाल, गोंडा लावून. मी पाहिली होती.

"तुमी शिकल्याली मान्सं," धोंडाबाई म्हणाली, "हसिवता लई झ्याक."

२६ मे

पांढरा पडदा आधी बंद केला. करडं पान लावलं. आहे! पण किती फिकी. कपाळ गेलंय. पदराची कड आणि हात.

म्हणजे जिला घालवायला मी दहा-अकरा दिवस वीज जाळली, तीच आता जगात लंकाबाईची शेवटची एवढीशी खूण उरलीय. आणि पहारा माझा.

तिचा फोटो काढायचा प्रयत्न केला. पुतण्याचा कॅमेरा आणला. आलं काय — मागच्या भिंतीवरचं बियाण्याचं कॅलेंडर आणि माझं टक्कल. फ्लॅश बंद करून काढला, तर नुसता करडा चौकोन.

चालू ठेवला तर विरते. बंद ठेवला तरी विरते, दुकानदार म्हणतो. आता काय, फुंकर मारू?

२७ मे

डिंभ्याला जायला हवं.

२८ मे

पावसाळ्याआधी खताचा माल उतरवायचा होता. खरं कारण वहीला माहीत आहे.

३० मे

पडद्यावरच्या हाताची दोन बोटं गेली.

१ जून, रविवार

गेलो. घोडेगावला दीड तास गाडी नाही. मग आली ती भरून. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "पावणं, बाळ हाय का काय?" मी हो म्हणालो. सोपं पडतं.

मंगलची सासू साळूबाई अंगणात मासळी वाळत घालत होती. "टीवी आनला व्हय?" मंगल आतल्या अंधाऱ्या खोलीत, शेगडीजवळ, डोक्याला फडकं बांधलेलं. कुशीत पोर. माझ्याकडं बघून उठली नाही. लेख कोणी लिहिलाय, ते तिला ठाऊक होतंच.

मी जमिनीवर बसलो, करडं पान लावलं. त्या अंधारात, घरी दिसत होतं त्याहून बरं दिसलं. तरी दिसलं म्हणजे काय — एक वळण, एक सावली. मला वाटलं, हिला काहीच दिसणार नाही, आणि मी आणखी एक थट्टा करून बसलो.

ती पुढं सरकली. पार नाक टेकेपर्यंत. मग पडद्याला न लावता हवेतच बोट फिरवलं. "ह्यो पदर." थांबली. "ह्यो हात. अगं माझे बाय... हसतीया."

पोर कुरकुरलं. तिने बघायचं थांबवलं नाही.

"काढला कुनी फोटू?"

"गोरखनं."

"मंग त्याच्याकडंच बगून हसतीया." आणि रडायला लागली. आवाज नाही, नुसते खांदे.

आता बोललो नसतो तर पुन्हा कधीच बोललो नसतो. "मंगल, फोटो गोरखनं नाही घालवला. मोबाइलातला काढ म्हणून मीच सांगितलं. आणि इथला मी पुसला. तुझी आई माझ्या पडद्यावर दिसत होती म्हणून."

"आन् पेपरातली ती गानी?"

"मनची."

शेगडीत काहीतरी तडतडलं. मंगलनं पोराला या हातातून त्या हातात घेतलं. तिने शिवी दिली असती तर मी पावती फाडून घेतली असती. "आत्याबाई," तिने हाक मारली, "भाऊंना च्या टाका." मग माझ्याकडं न बघता, "दादाला सांगा, बारशाला ये म्हनावं. कुंची घेऊन."

चहा गोड होता. प्यायलो.

२ जून

भल्या सकाळी गोरखकडं. आरणीवर पावसाआधी पाचट टाकत होता. मंगलचा निरोप सांगितला. तो खालीच बसला. मग दुसरं सांगितलं. व्हायरस नव्हता, मी पुसला.

"म्हाईत हाय भाऊ. तुमी पुसला त्याच सांजंला वयनींनी सांगितलं व्हतं. वाटलं, कुटं तरी उरला आसंल, म्हनून मागाया आलो."

त्याच सांजंला. म्हणजे त्या रविवारी तो फोटो मागायला आला, तेव्हा त्याला ठाऊक होतं.

"मग बोलला का नाहीस?"

"आईच्या दिव्यापाशी तुमची नवी वस्तू इतके दिस व्हती. तुमी एकदा बी मागं मागितली न्हाई." त्याने हात झटकले. "मंगलचं काय, बहीन हाय. राग जातो."

दुपारच्या गाडीने साप्ताहिकाला पाकीट दिलं. आत दोनच ओळी — फोटो कोणी पुसला, गाणी कोणी घातली. हसण्यासारखं काही नाही. खाली माझं पूर्ण नाव.