रत्नपालच्या पुढं

२ नोव्हेंबर, रविवार
आज पुन्हा! भालकीच्या अलीकडच्या चढावर रत्नपालनं त्याच्या हातानं गिअर टाकायच्या जीपमधून मला मागं टाकलं. टाकलं ते टाकलं — काच खाली करून हात हलवला! सख्खा धाकटा भाऊ! मी पाय दाबतेय आणि माझी गाडी विचार करतेय. खालचा गिअर टाकू? की नको? तेवढ्यात मागचा ट्रकही पुढं गेला.

कमलनगरला माहेरी पोचले तर हा अप्पांच्या दारात चहा पीत बसलेला. "अक्का, तुझी गाडी आपोआप चालती म्हणतीस. मग चालंना कामून?" अप्पा इतके हसले की कवळी सुटली. कवळी मीच बसवलेली. दातांची डॉक्टर आहे मी. अख्खं बिदर मला घाबरतं, आणि हा हात हलवतो!

४ नोव्हेंबर
मैलूरच्या वीरण्णाच्या गॅरेजात गेले. स्पष्ट सांगितलं — गाडी ऑटोमॅटिकच राहील, पण पळाली पाहिजे. वीरण्णानं माझ्याकडं बघितलं, गाल चोळला. त्याची अक्कलदाढ मीच काढलीय.
"अक्का, दाढ काढताना किती जोर लावू म्हणून तुम्ही मला विचारलं का? मग मी बी विचारत न्हाई."
लॅपटॉप जोडला. इंजिनाचं आणि गिअरबॉक्सचं प्रोग्रॅमिंग बदललं. गिअर आता झटक्यात पडतील म्हणे.

५ नोव्हेंबर
झटक्यात कसले, लाथ मारतात! पहिल्या चौकात मान मागं गेली. दुसऱ्या चौकात जेवणाचा डबा उलटला. दिवसभर पेशंटना वरणाचा वास आला असणार. पण पळती! देवाशपथ... न्हाई, अप्पा म्हणतील कुठला देव? — माझी शपथ, पळती!

८ नोव्हेंबर
नवा सायलेन्सर बसवला. "थोडा आवाज होईल," म्हणाला वीरण्णा. थोडा! क्लिनिकच्या दारात गाडी उभी केली तर आत वाट बघत बसलेल्या कुसुमताई उठून उभ्याच राहिल्या. मग तोंड उघडेनात. "आधी सांगा, ते मशीन बाहेरचंच होतं का तुमचं?" संध्याकाळी जुना सायलेन्सर परत.

१२ नोव्हेंबर
गिअरबॉक्स तापला. लाल दिवा लागला. गाडी रस्त्याच्या कडेला, मी तुरीच्या सावलीत. शेतातून मल्लव्वा नावाची एक बाई आली. "ढकलू का, बाई?" म्हटलं, ऑटोमॅटिक ढकलून चालू होत न्हाई. ती गाडीभोवती एक चक्कर मारून आली. "व्हय? मग घेतली कशाला?"
हिला रत्नपालनं पाठवलं असेल का?
वीरण्णानं पुढं जाळीमागं ऑइल कूलर बसवला. तेल गार राहील म्हणे. माझं डोकं कोण गार करणार?

१६ नोव्हेंबर, रविवार
रत्नपालला कळलं. त्याच्या बायकोनं, संध्यानंच सांगितलं असणार. तिच्या पोटात काही राहत न्हाई. जेवताना सगळ्यांसमोर म्हणाला, "एवढं केलीस तर शर्यत लाव की, अक्का!" लावली!
कमलनगरबाहेर गुरप्पांचं नवं प्लॉटिंग आहे. रुंद रस्ते, घर एकही न्हाई. गुरप्पा अप्पांचे दोस्त, फाटक बंद करून देतो म्हणाले. हरेल त्यानं वर्षभर दुसऱ्याच्या मागंच राहायचं. हॉर्नसुद्धा वाजवायचा न्हाई. आई म्हणाली, "दोघांलाबी एक-एक ठेवून देऊ का?"

२० नोव्हेंबर
वीरण्णानं सुटायची युक्ती शिकवली — डाव्या पायानं ब्रेक, उजव्यानं रेस, मग ब्रेक सोडायचा. झोपेतही तेच चालू आहे. पलंग हललाय.

२३ नोव्हेंबर, रविवार
जिंकले!! जिंकले!!
अप्पांनी टॉवेल फडकवला. सुटताना रत्नपालची जीपच पुढं. मग माझा गिअर पडला — धाड! — आणि दोघं बरोबरीला. त्याच्या तोंडाकडं बघितलं, दात खाऊन चालवत होता. तिसरा गिअर टाकताना त्याची जीप कर्रकन ओरडली आणि ढिलीच पडली. मी पुढं! काच खाली केली. मनसोक्त हात हलवला!
पाण्याच्या टाकीपाशी उतरून नाचले. आईसुद्धा हसली. रत्नपाल बराच वेळ जीपमधून उतरलाच न्हाई. "क्लच बसला," एवढंच म्हणाला. म्हटलं, हरल्यावर सगळ्यांचे क्लच बसतात!
बिदरपर्यंत तो माझ्या मागं. मी रस्ता कमी आणि आरसा जास्त बघितला.

२५ नोव्हेंबर
संध्याचा फोन. क्लच बसला नव्हता. रत्नपालचा डावा गुडघा गेलाय, ऑपरेशन ठरलंय. दिवाळीआधीच कळलं होतं, कुणालाच सांगू दिलं न्हाई. डॉक्टरांनी क्लच दाबायला मनाई केलीय, कायमची. तरी शर्यत लावली. "एकदा अक्कासंगं पळवतो, मग सोडतो," म्हणत होता म्हणे.
मग तो स्वतः फोनवर आला. "अक्का... तुझी बिनक्लचची गाडी मला जमंल का गं?"
तशीच वीरण्णाकडं गेले. म्हटलं, प्रोग्रॅमिंग पहिल्यासारखं करून दे. आत्ताच. उद्या भावाला ऑपरेशनला कलबुर्गीला न्यायचंय, त्याला एकही धक्का बसता कामा नये.