हिरव्या चिंधीचा दुधी

॥ श्री यमाई प्रसन्न ॥
उंब्रज, ता. ४ जुलै १९७३

चि. बनूस आबाचे पोटभर आशीर्वाद.

हिकडं समदी खुशाली हाय. तू शाळेत बाग करणार म्हणतीस, बरं केलंस. पण जतच्या माळावर बाग? मास्तरीणबाई, कमाल हाय तुमची!

पाकिटात पाच बिया हाईत, तुज्या आईच्या दुधीच्या. तिच्या ट्रंकेत राखेच्या डबीत निघाल्या. घरात आता एकबी उरली न्हाई. गेल्या साली दुष्काळात वेल वाळला, बियाला राखलेलं फळबी हाती लागलं न्हाई. तवा जपून लाव. पहिल्या चांगल्या फळाला चिंधी बांधायची, म्हंजे कुणी तोडत न्हाई, हे तुला सांगाय नको. फळ वाळलं की निम्मं बी मला धाड. आईला जाऊन दहा म्हैने झालं. परड्यातला मांडव रिकामा बघवत न्हाई.

जिवाला जप. येळंला जेव.
तुजा, आबा


कुरणवाडी, ता. जत
२ सप्टेंबर १९७३

ती. आबांस बनूचा शि. सा. नमस्कार.

पाचांतल्या दोन उगवल्या. एक रोप शेळीनं खाल्लं, दुसरा वेल मात्र शाळेच्या कौलांवर चढलाय! पाणी कुठलं म्हणाल, तर पोरं शाळेत मिळणारी दुष्काळी सुकडी खाऊन वेलाच्या बुडातच हात धुतात. कुणी दुसरीकडं धुतले तर त्याच्याशी भांडण.

पहिल्या फळाला आईच्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधली. आबा, मला रडूच आलं. आमचा शिपाई बिराप्पा लांबून बघत होता. कानडी मुलखातला भला माणूस. त्यानं त्या चिंधीला हात जोडले, तेव्हा मला हसूही आलं.

तुम्ही मांडव नीट बांधून ठेवा. माया आहेच, पत्रातून कळत राहू द्या.
आपली, बनू


कुरणवाडी
१९ सप्टेंबर १९७३

ती. आबांस नमस्कार.

कसं लिहू? आईचा दुधी गेला.

काल तपासणीचे साहेब आले. हेडमास्तरांनी बिराप्पाला घरून जेवण आणायला सांगितलं होतं. भाकरी, ठेचा आणि दुधीची भाजी. मी दोनदा मागून घेतली, आबा! साहेबांपुढं तोंड भरून कौतुकही केलं. मग मी हात धुवायला वेलापाशी गेले, तर देठाला फळ नाही, आणि चिंधी नीट घडी करून कुंपणाच्या काठीला बांधलेली.

बिराप्पावर ओरडले, तुला डोळे नाहीत का म्हणून. तो म्हणाला, बाई, चिंधी होती म्हणून तर तोडला. त्याच्या घरी पहिलं फळ असं चिंधी बांधून देवाला नाहीतर पाहुण्याला राखतात. त्याला वाटलं, मी साहेबांसाठीच राखलाय. खरं कळल्यावर हमसून रडला बिचारा.

बी कोवळंच होतं, भाजीबरोबर शिजलं. बाकीची दोन फळं मी आधीच पोरांना वाटली. वेल आता पिवळा पडलाय, फुलं गळतायत. आईचं बी मी खाल्लं, आबा. मला काय बोलायचं ते बोला, पण गप्प राहू नका.

तुमची, बनू


उंब्रज, ता. १२ ऑक्टोबर १९७३

चि. बनूस आशीर्वाद.

तुजं पत्र वाचलं. तुला शिव्या देणारं पत्र लिवलं, फाडलं. दुसरं लिवलं, तेबी फाडलं. बिराप्पाला काय बोलू नको. बोलायचं तर मला बोल.

गेल्या सालचं ते बियाचं फळ दुष्काळानं गेलं न्हवतं. मी खोटं लिवलं. शेवटच्या दुखण्यात आईचं अन्न तुटलं हुतं. एक दिस म्हणाली, दुधीची भाजी खावी वाटती. वेलावर तेवढं एकच फळ, तिनं सोताच्या हातानं चिंधी बांधलेलं. मी चिंधी सोडली. पलटणीत हुतो तवा लय मरणं बघितली गं, पण तिचं भरलं ताट रोज परत जाताना बघवंना.

दोन घास खाल्लं तिनं. तिसऱ्याला थांबली आन् कुठलं फळ तोडलं म्हणून विचारलं. मी भाकरी मोडत बसलो. तिनं ताट सारलं, भिताडाकडं तोंड केलं. चौथ्या दिशी गेली. तवर माझ्याशी एक शबुद बोलली न्हाई, बनू.

उरलेली भाजी मी म्हशीला घातली. माझ्या तोंडात जाईना.

आता त्या दुधीचं बियाणं कुठंच न्हाई. पण तू ती भाजी दोनदा मागून घेतलीस. माझा राग न्हाई, यमाईची आण. कशी लागली, तेवढं सविस्तर लिही.

वाट बघतोय.
तुजा, आबा