नाव सांगितलं की गुण जातो

१३ जानेवारी, सोमवार
देतो! सीतेला औषध देतो आणि देणार!
रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी आज विचारलं, "काका, केमोबरोबर घरचं काही चालू आहे का?" नाही म्हणून ठोकून दिलं. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो, चेहरा सरळ ठेवता येतो मला. बायको माझी, तिच्या छातीतल्या गाठीची काळजी मलाच जास्त. केमो पण घेऊ, झाडाची साल पण घेऊ. बघू कोण जिंकतं!

१९ जानेवारी, रविवार
पहाटे डोंगरात जाऊन आलो. कुणाशी न बोलता साल आणायची. मूठभर साल, तांब्याभर पाणी, निम्मं आटवायचं. आजाची रीत. पैसा घ्यायचा नाही आणि झाडाचं नाव सांगायचं नाही – सांगितलं की गुण जातो. सीतेलाही माहीत नाही. चाळीस वर्षं लोकांसाठी उकळतेय, एकदा विचारलं नाही तिने.

२५ जानेवारी, शनिवार
आम्रपाली आली. लेक कॉलेजात केमिस्ट्री शिकवते.
"बाबा, एक फांदी द्या. अर्क काढून कॅन्सरच्या पेशींवर घालून बघू."
म्हटलं, मेल्या की मानशील ना?
"बशीत फिनेल ओतलं तरी मरतात, बाबा! माणूस जगायला हवा."
शहाणी! आजाच्या औषधाला फिनेल म्हणते. फांदी सोड, पान देणार नाही.

२८ जानेवारी
गाठ तेवढीच. आजपासून दोन मुठी.

३ फेब्रुवारी, सोमवार
केमो दिलीच नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार उतरल्यात म्हणे, आठवडाभर थांबा. मारतात स्वतः आणि संशय आमच्यावर! परत तोच प्रश्न. परत नाही म्हटलं.
रिक्षात सीता म्हणाली, "मी पण नाय सांगितलं हो. तुमचा शब्द मोडायची नाय मी."
अशी बायको मिळायला भाग्य लागतं.

९ फेब्रुवारी, रविवार
ताप. जुलाब. तोंडभर फोड, पाणीसुद्धा गिळवत नाही तिला. ॲडमिट केलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, काय प्यायली ते कळल्याशिवाय अंधारात दगड मारतोय आम्ही.
आम्रपाली जिन्यात भडकली, "तुमच्या आजाचा शब्द सांभाळताय की आईला?"
आजाने मरताना हातावर पाणी सोडून वचन घेतलंय माझ्याकडून. तिला काय कळणार! नाही सांगणार. नाही म्हणजे नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
नरक्या.
सांगितलं. भर वॉर्डात, सगळ्यांसमोर. दोन मुठींचंही सांगितलं. डॉक्टरीणबाई ओरडतील वाटलं होतं. त्या खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "काका, याच झाडातून कॅन्सरचं औषध निघतं. पण ते मिलिग्रॅममध्ये मोजून देतात हो!"
म्हणजे आजा खोटा नव्हता. चुकली ती माझी मूठ.
ताप अजून उतरलेला नाही. सीतेने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं.
"एवढंच नाव होय?" म्हणाली.