सत्तेचाळिसावा नग

६ जानेवारी २०२५, सोमवार

फाटकावर आज चौथं नाव चढलं! रंगाऱ्याने पत्रा खरवडला तेव्हा मुंबईवाल्यांचा निळा निघाला, त्याखाली नागपूरच्या भावांचा हिरवा, तळाशी गुणवंतरावांचा गेरू. मी उभा राहून बघत होतो. आता हैदराबादवाले. नाव लांबलचक आहे, मला अजून नीट म्हणता येत नाही. गावाला काय त्याचं! चाळीस वर्षं 'हिरडा कंपनी'च म्हणतात, पुढेही तेच म्हणतील.

मोहाच्या झाडाखाली देवापुढे दिवा लावला. मग बॉयलर पेटवला.

७ जानेवारी

काल रंगाचे थर पाहिल्यापासून गुणवंतराव डोळ्यांसमोर आहेत. मूळचे आरमोरीचे, धानाची गिरणी होती. त्र्याऐंशी साली ही जागा घेतली. रानातल्या बाया हिरडा वेचून आणतात, आपण तो फोडायचा, हौदांत भिजवायचा, पाणी आटवून पिवळी भुकटी पोत्यांत भरायची. चामडं कमावायला जाते. त्या पाण्याला लोखंड लागलं की काळं होतं. माझी बोटं अठ्ठावीस वर्षं काळी आहेत. कमळा लग्नात म्हणाली होती, हळद लागली की डांबर?

जागा साफ करताना बुलडोझर मोहाखालच्या दगडाला लागला. टोल्यावरचा, म्हणजे रानाकडच्या वस्तीतला, चैतू धावत आला — हा आमचा देव. गुणवंतरावांनी चपला काढल्या. शब्द दिला की देव इथून हलणार नाही, आणि दर हंगामाला हिरड्याची पहिली टोपली त्याच्यापुढे ठेवू. नंतर कंपनीची भिंत झाली, देव आत आला.

नव्याण्णव साली त्यांनी कंपनी विकली. जाताना पितळी दिवा माझ्या हातात दिला. "मुखरू, कंपनी गेली. देव तुह्याकडे." मी तेवीस वर्षांचा होतो. तेव्हापासून एक सोमवार चुकवला नाही. ताप असला तरी.

ते सांगायचे, बुलडोझरने देवाच्या खांद्याचा टवका उडाला होता. मी शेंदुरावरून कितीदा हात फिरवला, सापडला नाही. भरून आला असेल. देवच तो.

१० जानेवारी

निशा मॅडमनी बोलावलं. नव्या मॅनेजर. मुलगी चांगली आहे, काका म्हणते, आधी बसायला सांगते. नकाशा दाखवला. अ‍ॅसिडची नवी टाकी बरोबर मोहाखाली येणार आहे.

मी म्हणालो, तिथे देव आहे.

म्हणाली, "माहीत आहे काका. यादीत आहे ना." कागद काढला. 'अनुक्रमांक ४७. देव, दगडी, एक नग.' कंपनीच्या मालकीचा आहे, म्हणून हलवता येतो. फाटकाजवळ टाइल्स लावून छान ओटा बांधून देऊ, म्हणाली.

अक्षर माझंच!

दोन हजार अकरा साली नागपूरवाल्यांनी मुंबईवाल्यांना कंपनी विकली तेव्हा कारकून आजारी होता. माझं अक्षर बरं, म्हणून यादी करायला मला बसवलं. हौद बारा, काटे तीन, हातगाड्या सात. यादीत नसेल ते भंगारात जाईल असं कोणीतरी बोललं. म्हणून देवही लिहिला. जपायलाच लिहिलं होतं.

११ जानेवारी

कमळाला सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "देवाले हातगाडीखाली मांडनारे तुमीच पह्यले." मग माझं तोंड पाहिलं. जेवायला बोलावलं तेव्हा ताटात जास्तीचं तूप होतं.

१३ जानेवारी, सोमवार

दिवा लावला, माफी मागितली. वारा नव्हता तरी ज्योत हलली. की मला तसं वाटलं?

मॅडमकडे पुन्हा गेलो. टाकी बॉयलरपासून लांब हवी, म्हणून ती जागा, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. मग म्हणाल्या, ज्यांचा देव आहे त्या लोकांनी येऊन सांगितलं तर मी हैदराबादला कळवून जागा बदलून घेईन. वीस तारखेच्या आत. वीसला खोदकाम.

सोमारीबाईला विचारतो. चैतूची सून. तिचा शब्द टोल्यावर चालतो.

१६ जानेवारी

हंगामाचा पहिला हिरडा आला. पहिली टोपली देवापुढे ठेवली. सोमारीबाई नेहमीसारखी दगडाकडे पाठ करून आपलं गाठोडं बांधत होती. इतकी वर्षं पाहतो आहे, ती कधी हात जोडत नाही. बाईमाणूस, चारचौघांत लाजत असेल.

तिला सगळं सांगितलं, यादीचंही. तिने गाठोडं खाली ठेवलं. म्हणाली, "भाऊ, आइतवारी टोल्यावर या. तिथी बोलू."

१७ जानेवारी

काही सुचत नाही. वाल्व उलटा फिरवला, बॉयलरवरचा जोडीदार बिरजू ओरडला.

१९ जानेवारी, रविवार

टोल्यावर गेलो. सोमारीबाईने पाणी दिलं आणि घरामागे सालईच्या झाडाखाली नेलं. दगड होता. शेंदूर नाही, काही नाही. तिने खूण केली तसं जवळ जाऊन पाहिलं. खांद्याला टवका. तळहात बसेल एवढा.

"गुनवंतरावानं कंपनी इकली, त्याच हप्त्यात आनला. शब्द त्याचा होता. तो गेला, मंग देव कोनाच्या भरोशावर ठेवाचा?"

मी विचारलं, मग आमच्याकडे आहे तो?

"तो नाल्यातला. माह्या सासऱ्यानं ठेवला. तुमी दिवा घेऊन याल अन् जागा खाली दिसन, म्हून."

देव एकदाही विकला गेला नाही. मी रस्त्यात सायकल थांबवून रडलो, की हसलो.

मॅडमना उद्या सांगतो, खोदा, आणि सत्तेचाळीस नंबर खोडा. नाल्यातला दगड मी घरी आणणार आहे. सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या जागी उभा होता, कधी बोलला नाही. उद्या सोमवार. दिवा घासून ठेवला.