अंबाझरीवर पतंगाचा डोंगा

१४ जाने. ७८, शनि.
संक्रांत. गावातच, इंदोऱ्याला माहेरी. सहा वर्षांनी गच्चीवर चढून पतंग उडवला. भावाचा मोठा पतंग हाती घेतला तर पाय रोवून उभं राहावं लागलं, असा ओढत होता. बोट कापलं.
आमचे हे, मधुकर, खाली बाजेवर बसून. हिंगण्याच्या कारखान्यात खांदा गेला, त्याला सव्वा वर्ष झालं. उजवा हात वर जात नाही. वर या म्हटलं तर "तू उडव" म्हणाले.
पतंग ओढत होता तेव्हा एक विचार आला. वेडगळ आहे. उद्या लिहीन.

१७ जाने.
आज म.ना सांगितलंच. मागच्या पडवीत यांचा कयाक टांगलेला आहे. बांबूचा सांगाडा, वरून तेलरंग दिलेलं कॅनव्हास, दोन माणसं बसतील एवढा. इंग्रजी मासिकातलं चित्र पाहून दोन पावसाळे खपून केला. शेजारी त्याला डोंगा म्हणतात. कारखान्यातल्या देसायांबरोबर समुद्रात जायचं ठरलं होतं, रत्नागिरी ते पूर्णगड. मग खांदा गेला. वल्हं मारणं संपलं, विषय संपला.
मी म्हटलं, पतंगानं ओढला तर?
म. उठून पडवीत गेले. मग म्हणाले, पेन्सिल कुठे आहे.

५ फेब्रु., रवि.
अंबाझरीचं तळं. सकाळी आठ. मी डोंग्यात, कमरेला सायकलची फुगवलेली ट्यूब, कारण पोहता येत नाही. म. काठावर. पहिला पतंग पाण्यात पडला, कागदाचा लगदा. दुसऱ्याचं तेच. धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून पाहत होत्या.
म. काठावरून सारखं सुरू, ढील दे, आता खेच, आता ढील दे. शेवटी मी म्हटलं, "पतंग मले शिकवू नका. तुम्ही डोंगा पाहा."
लोकांसमोर बोलून गेले. वाटलं, रागावतील. हसले. केव्हापासून हसले नव्हते.

१२ फेब्रु.
कागद बाद. दोन जुन्या छत्र्यांचं कापड. कोपऱ्यावरच्या शिंपीचाचांनी शिवून दिलं, कशासाठी ते विचारलं नाही. कामट्या म.नी तासल्या, डाव्या हातानं. एका दोरीनं डोंगा वळत नाही म्हणून दोन दोऱ्या. मांजा अर्थात नको. साधी नायलॉन दोरी, मुठीला कापडाची पट्टी.
कन्नी, म्हणजे पतंगाला दोरी जोडायची गाठ, मी बांधली. बांधून झाल्यावर म.नी मापं घेऊन कागदावर उतरवली.

१९ फेब्रु., रवि.
चालला!!
मी पुढे पतंग धरून, म. मागे. वल्हं काखेत दाबून नुसतं वळवायला. वारा पश्चिमेचा. पतंग एकदा वर ठरला आणि डोंग्याच्या पोटाखाली पाणी बोलायला लागलं. कोणी वल्हवत नव्हतं आणि आम्ही जात होतो.
मग धरणाची भिंत जवळ आली. वारा वाढला. दोऱ्या हाताला गुंडाळलेल्या, सुटेनात. डोंगा उलटला. पाण्याखाली काही दिसलं नाही, फक्त म.चा हात दंडाला लागला.
दोघं ठीक. डोंगा हातगाडीवर दिला, बसमध्ये ओल्या कपड्यांनी उभे. 

२० फेब्रु.
डोंगा पुन्हा आढ्याला. पतंगाच्या कामट्या सोडून ठेवल्या. "तू बुडाली असती तं?" एवढंच म्हणाले.
 खरं तर मीही खूप घाबरले होते. पण आज दिवसभर एक्सचेंजमध्ये लोकांचे ट्रंककॉल जोडताना कानात ते पाणीच.

२७ फेब्रु.
पोहण्याच्या तलावावर सकाळी बायकांची वेळ असते. एक्सचेंजमधल्या गोडेबाई शिकवतात. म.ना सांगितलं नव्हतं. आज केस ओले पाहून त्यांनीच विचारलं, "काहून वं, रोज इतक्या सकाळी?"
सांगितलं. म.नी माझा ओला टॉवेल वाळत घातला.

८ मार्च
गोडेबाईंचा हात सोडून पोहले. रुंदीभर.
घरी आले तर म. पडवीत. समोर दोऱ्या, एक लाकडी खुंटी, पाण्याची बादली. खुंटी ओढली की दोन्ही दोऱ्या एकदम सुटतात, पतंग वाऱ्यातून निघून खाली बसतो. बादली दोरीला टांगून चाळीसदा सोडून पाहिली म्हणे. मला ओढायला लावली. मग पुन्हा, डोळे मिटून. मग ओल्या हातानं.
दोऱ्या आता हाताला गुंडाळायच्या नाहीत, असं बजावलं. म्हणजे जायचं आहे.

१९ मार्च, रवि.
तीनदा गेलो, तीनदा भिंतीआधी खुंटी ओढली. तिन्ही वेळा पतंग मुकाट्यानं पाण्यावर बसला. परत येताना वल्हं मी मारलं.
काठावर म. खांदा दाबून पाहत होते. म्हणाले, "दुखून नाही राहिला."
माझे डोळे भरून आले, म्हणून दोऱ्या गुंडाळत बसले.

२ एप्रिल
म.च्या पत्राला देसायांचं उत्तर. म.चे कारखान्यातले जोडीदार, आता रत्नागिरीला. लिहितात, सध्या दुपारी वायव्येचा वारा सुटतो, किनाऱ्याकिनाऱ्यानं थेट पूर्णगडाकडे. लाटा मात्र तळ्यासारख्या नाहीत. होडीवाला ओळखीचा आहे, तो बरोबर राहील. मधुकर, तू आणि कोण?
म.नी पत्र माझ्यापुढे सरकवलं. "तूच लिही."
लिहिलं, मधुकर आणि मी.

११ एप्रिल
दहा दिवसांची रजा मिळाली. आई काल येऊन रुसून गेली, आज डबाभर चिवडा पाठवला. डोंगा सुटा करून त्याचे तीन गठ्ठे केले. कोल्हापूरपर्यंत रेल्वे, तिथून एस.टी.
समुद्र दोघांनीही पाहिलेला नाही. म.ना विचारलं, तिथला वारा पतंगाला झेपला नाही तर? म्हणाले, "तं पाहू. लहान पतंगही घेतला आहे." मला माहीत नव्हतं. केव्हा केला कोण जाणे.

१७ एप्रिल, रत्नागिरी
वाळूत बसून लिहिते. अक्षर वाकडं येतंय. पाणी संपतच नाही, कुठवर पाहायचं कळत नाही. सकाळी लाटांत दोनदा उलटलो, दोन्ही वेळा आपापले वर आलो. दुसऱ्यांदा मी आधी.
होडीवाल्यानं पतंगाला हात लावून पाहिला, मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.
साडेबारा. वाळू पायावरून पळायला लागली, म्हणजे वारा आला. देसाई काठानं सायकलवर पुढे गेले. म. कमरेइतक्या पाण्यात डोंगा धरून उभे, मला हाक मारून राहिले. वही पिशवीत घालते, पिशवी डब्यात, आणि